तीनाचा एक झाला!

तुमच्याकडे पेट्रोलची गाडी आहे? मग हातातलं काम ठेवा आणि खाली पार्किंगमध्ये चला! चहा नंतर! इंजिन गार आहे ना? गारच हवं. बोनेट उघडा. इंजिनावर काळ्या प्लास्टिकचं झाकण असेल तर ते काढा (मी कित्येक वर्षं त्या झाकणालाच इंजिन म्हणत होते!) आणि आता बघा. दिसल्या? ओळीने चार! प्रत्येकीच्या डोक्याला वायरीचा कपलर, शेजारी एक दहा नंबरचा बोल्ट आणि बाकी सगळं अंग खाली भोकात बुडालेलं. या कॉइल! इग्निशन कॉइल! सध्या मी घरात, ऑफिसात, भाजीच्या गाडीपाशी, जिथे माणूस सापडेल तिथे यांच्याबद्दलच बोलते आणि लोक आता मला लांबून बघूनच वळतात. तुम्ही सापडलात. आता सुटका नाही!

आधीच सांगते, मी कॉमर्सची. दहावीनंतर फिजिक्स सुटलं तेव्हा मारुतीला नारळ फोडला होता. गाडीतलं मला काय येतं? पेट्रोल भरणं, चाकात हवा भरून घेणं आणि काच पुसणं. तेव्हा माझं ऐकून कुणी गॅरेज काढू नका. पण हे एवढं एकदा करून बघाच, कारण मला झोप लागत नाहीये आणि तुम्हाला तरी का लागावी!

झालं काय, गाडी मिसिंग मारायला लागली. सकाळी गार असताना एकदम शहाणी! चिपळूणहून साताऱ्याला परत येत होतो, कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि मग गाडीला उचक्या लागल्या आणि मग पिकअप गेला आणि मग मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला आणि मग समोरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा लागला आणि मग तो चक्क लुकलुकायला लागला! नवरा म्हणाला, "लुकलुकतोय म्हणजे बल्ब जात असेल." बल्ब! आता मला कळलंय: तो दिवा नुसता लागून राहिला तर गाडी लवकर दाखवायची, पण लुकलुकला तर आत्ताच्या आत्ता पाय हलका करायचा. न पेटलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरकडे निघतं आणि वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याची वाट लावतं. आणि तो कन्व्हर्टर कॉइलच्या कितीतरी पट महाग!

गॅरेजमधला मुलगा म्हणाला, "ताई, कॉइल गेलीय. चारही बदलून टाकू." मी म्हटलं, गेलीय म्हणजे एकच ना? मग चारही का? "कुठली गेली ते कसं सांगणार? चारही टाकू, टेन्शन नको." झालं! कॉमर्सच्या बाईला सांगता, की चूक कुठे आहे माहीत नाही, पण बिल चौपट भरा? मी गाडी हळूहळू घरी आणली आणि शेजारच्या काकांची बेल दाबली.

काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मला वाटलं, चिंता मिटली. तर काका म्हणाले, "अगं, मी जन्मभर डिझेल केलं. डिझेलला स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही, ठिणगीच नाही! हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते, आणि डिझेल आत फवारलं की आपोआप पेटतं. हे ठिणगीचे नखरे तुमच्या पेट्रोलचे." म्हणजे या बाबतीत काकाही माझ्याइतकेच कोरे! पण त्यांच्याकडे पान्यांची पेटी होती, मल्टिमीटर होता आणि दुपारी करायला दुसरं काही नव्हतं. पुरे की!

आता ही कॉइल करते काय ते ऐका, मी ऐकल्यापासून माणसात नाही! बॅटरी बारा व्होल्टची. बारा! आणि प्लगच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटरची फट, ती ओलांडून ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. चांगली कॉइल २० ते ४० हजार व्होल्टपर्यंत जाते. बाराचे चाळीस हजार! आत एक लोखंडी गाभा आणि त्यावर तारेची दोन वेटोळी. एक जाड तारेचं, काहीशे फेऱ्यांचं. दुसरं केसाएवढ्या बारीक तारेचं, त्याच्या साधारण शंभरपट फेऱ्यांचं. केसाएवढी तार! हजारो फेरे! एवढ्याशा डबीत! जाड वेटोळ्यातून दोन-तीन मिलिसेकंद करंट सोडला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. मला वाटलं, आता ठिणगी. नाही हो! करंट सोडल्यावर नाही, करंट तोडल्यावर ठिणगी! गाडीचा कॉम्प्युटर करंट फटकन तोडतो आणि मग ते क्षेत्र कोसळतं आणि मग जाड वेटोळ्यातच काहीशे व्होल्ट उसळतात आणि मग बारीक वेटोळ्यात त्याच्या शंभरपट! जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप कसा दणकतो, तसं! दणका बंद करण्यात आहे!

आणि हे किती वेळा होतं? काकांनी माझ्याच कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. समजा इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतंय. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एका कॉइलच्या मिनिटाला १५०० ठिणग्या. सेकंदाला २५! चौघींच्या मिळून सेकंदाला १००! तुम्ही "शंभर" म्हणेपर्यंत शंभर पडून गेल्या! आणि आपण गाडीत बसून रेडिओ बदलत असतो!

याचं मूळ फॅरडेच्या १८३१ च्या प्रयोगांत आहे, ते शाळेतही कानावरून गेलं असणार. पण माझा जीव जडला तो एका आयरिश पाद्र्यावर! निकोलस कॅलन. मेनूथच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या कॉलेजात, विज्ञान शिकवायचा. १८३६ मध्ये त्याने अशीच दोन वेटोळ्यांची कॉइल केली आणि आता प्रश्न, हिचा जोर मोजायचा कसा? त्याच्यापाशी मीटर कुठला! तर म्हणे विद्यार्थ्यांना झटके देऊन! विल्यम वॉल्श नावाचा एक विद्यार्थी त्यात बेशुद्ध पडला असं सांगतात, आणि हाच वॉल्श पुढे डब्लिनचा आर्चबिशप झाला! त्यानंतर म्हणे विद्यार्थ्यांची सुटका झाली आणि टर्की पक्ष्यांची पाळी आली. कॉइल तपासण्याची विद्या इथून सुरू झाली असं मी परस्पर ठरवून टाकलंय. गाडीत बॅटरी आणि कॉइलची जोडी नीट नांदवली ती चार्ल्स केटरिंगने, १९१० च्या कॅडिलॅकमध्ये. पण केटरिंगने कुणाला बेशुद्ध केलं नाही, म्हणून त्याला एकच वाक्य.

चला, कामाला लागू! स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी वाका. सोळा पिनांचं एक सॉकेट दिसतंय? तुमच्या गाडीत! तुमच्या गुडघ्याला लागून! काहीशे रुपयांत मिळणारा एक छोटा कोड रीडर तिथे खोचायचा, तो ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा आणि मग गाडी बोलते! माझी म्हणाली, पी०३०३. काकांनी चष्मा पुसला. मी मोबाइल पुसला. पी०३०३! यातला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर! तिसरा सिलिंडर पेटायला चुकतोय! (बहुतेक गाड्यांत बेल्टच्या बाजूचा पहिला, तिथून मोजत जायचं.) पी०३०० आला तर चुका एकाच सिलिंडरच्या नाहीत, विखुरलेल्या आहेत. पी०३५१ ते पी०३५४ यांतला आला तर कॉम्प्युटरला थेट कॉइलच्या सर्किटमध्येच गडबड दिसतेय.

पण थांबा, त्याला कळतं कसं? तिसराच चुकला, दुसरा नाही, हे कोण बघतं? क्रँकशाफ्टबरोबर फिरणारं एक दातेरी चाक असतं, त्याच्याशेजारी सेन्सर, आणि तो प्रत्येक दात कधी गेला ते टिपत बसतो. सिलिंडर पेटला की शाफ्टला एक धक्का मिळतो. एखादा पेटला नाही की तेवढ्यापुरता शाफ्ट कणभर मंदावतो. कणभर! आणि त्या कणाला कुणाची पाळी होती हे कॉम्प्युटरला पाठ असतं! हे वाचून मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे बघितलं आणि कुणीच काही बोललं नाही.

आता खरी गंमत! कोडने सिलिंडर सांगितला, चोर नाही सांगितला. कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, वायर असेल. मग करायचं काय? जागा बदलायची! तिसऱ्यावरची कॉइल पहिल्यावर, पहिल्यावरची तिसऱ्यावर. बस्स! नवीन काही विकत आणायचं नाही! पण कॉइल सोडून दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. प्लग जिथल्या तिथे. एका वेळी दोन गोष्टी हलवल्या की कुणाच्या पायी काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही, हे मला ऑडिटच्या कृपेने पक्कं ठाऊक आहे. फक्त चारही कॉइल एकाच पार्ट नंबरच्या आहेत ना, तेवढं डोक्यावरचं लेबल वाचून बघा.

किल्ली काढा. कपलरची कळ दाबा, हळू, जुनं प्लास्टिक ठिसूळ असतं. दहाचा पाना लावा, बोल्ट सोडा, कॉइल जराशी पिळा आणि सरळ वर ओढा. पक्! ऐकलंत? तो रबरी बूट प्लगवरून सुटल्याचा आवाज! मी तो आवाज परत ऐकायला म्हणून दुसरी कॉइलही काढली. काढलेल्या प्रत्येक कॉइलवर लगेच खडूने तिचा मूळ नंबर लिहा. आणि घाईने परत बसवू नका, आधी भोकात टॉर्च मारा. आत तेल साचलंय? मग वरच्या कव्हरचं गॅस्केट गळतंय आणि ते तेल बुटाचं रबर फुगवतंय, कॉइल कितीही नव्या घाला. बुटावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे? तर वीज प्लगच्या टोकापर्यंत न जाता तिथूनच बाजूला पळतेय! ती रेघ म्हणजे तिची पायवाट! एकदा पडली की रोज तिथूनच जाणार! माझ्या बुटावर रेघ नव्हती. मला वाईट वाटलं.

कॉइल बदलून बसवल्या, मोबाइलवरून जुना कोड पुसला आणि मग गाडी काढली. सपाट रस्त्यावर फेरी मारली, काही नाही. काका म्हणाले, "तापू दे. चढाव दे." आणि मग यवतेश्वर घाट! मागच्या सीटवर नवरा, हातात मोबाइल, तोंडावर "रविवार असा घालवायचा होता का" असा भाव, पुढे काका, आणि मी दुसऱ्या गिअरला, आणि वळण येतंय आणि गाडी छान चढतेय आणि मला चक्क काळजी वाटायला लागली की ही बरी झाली की काय, आणि मग आली! उचकी! आणि दुसरी! जन्मात कुणी गाडी बिघडली म्हणून एवढं ओरडलं नसेल! दिवा लुकलुकला, पाय हलका केला, गाडी कडेला घेतली आणि मग नवऱ्याने मोबाइल वाचला.

पी०३०१!

तीनाचा एक झाला! कॉइल उठून पहिल्यावर गेली आणि दोष तिच्या मागोमाग चालत गेला! तिसरा सिलिंडर निर्दोष! प्लग निर्दोष! वायर निर्दोष! चोर एकच, खडूने ३ लिहिलेली! नवरा म्हणाला, "अरे वा." त्याच्या भाषेत हा जयजयकार आहे. आणि समजा कोड पी०३०३ च राहिला असता, तर कॉइल सुटली असती, मग प्लगची अदलाबदल करायची, तरीही जागेवरच राहिला तर मग मात्र वायरिंग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन बघायला जाणत्या मेस्त्रीकडे जायचं. पण आता चोरी कुठे झाली नाही हे आपण त्याला सांगू शकतो!

इथे शहाणी माणसं थांबतात. आम्ही थांबलो नाही. काकांना मीटर लावायचा होता. ओहम्सवर ठेवून आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवायची, जो आकडा येईल तो वायरींचा स्वतःचा, तो वजा करायचा. साध्या दोन पिनांच्या कॉइलमध्ये जाड वेटोळं साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतं, बारीक वेटोळं काही हजार, नेमका आकडा गाडीगाडीचा वेगळा. आमची कॉइल तीन पिनांची. काकांनी बारीक वेटोळ्याला मीटर लावला. मीटर म्हणाला, तार तुटलेली. अरेच्चा! मग पहिली तपासली. तुटलेली. दुसरी? तुटलेली! चौथी? तुटलेली!! चारही मेलेल्या! काका म्हणाले, "मग तू घाटावरून घरी आलीस कशी?" खरंच की! तर झालं असं, की अशा बऱ्याच कॉइलमध्ये करंट तोडणारा ट्रान्झिस्टर डबीतच बसवलेला असतो आणि बारीक वेटोळ्यापाशी डायोडही असतो, आणि मीटरच्या बिचाऱ्या छोट्या बॅटरीला त्या डायोडमधून पलीकडे जाताच येत नाही. म्हणून तो सगळ्यांनाच मेलेलं म्हणतो! म्हणजे मीटरवर विश्वास ठेवला असता तर गॅरेजवाल्यासारख्याच चारही फेकल्या असत्या! अशा कॉइलला मीटरने एकटीला जोखायचंच नाही, चालू असलेल्या दुसरीशी ताडून बघायचं, आणि चारही सारखं सांगत असतील तर मीटर पेटीत ठेवायचा.

मग माझा हेअर ड्रायर! नाही, ऐका तर! ही कॉइल गार असताना शहाणी आणि तापली की वेडी, बरोबर? कारण केसाएवढी तार आत कुठेतरी तडकलेली असेल किंवा तिचं इन्सुलेशन विरलेलं असेल तर गार असताना काम भागतं, तापून सगळं फुगलं की फट पडते किंवा वीज आतल्या आत पळते. मग घाट कशाला चढायचा? इंजिन सुरू, एसी चालू, आणि खडूने ३ लिहिलेल्या कॉइलच्या डोक्यावर गरम वारा! (ओढणी घरी ठेवा, केस बांधा, बेल्ट आणि पंख्यापासून हात लांब, पंखा न सांगता सुरू होतो.) आधी काही नाही. मग हळूच थरथर. मग सगळी गाडी डुगडुगायला लागली! पार्किंगमध्ये उभ्या उभ्या! ड्रायर दुसऱ्या कॉइलवर धरला, तिला ढिम्म फरक नाही. पुराव्यावर पुरावा! आता तो ड्रायर घरात कुणी केसांना लावत नाही.

एक गोष्ट मात्र हसत सांगणार नाही. प्लग काढून हातात धरून ठिणगी बघायचं जुनं खूळ कुणी करू नका. कॉइल मोकळी लटकवून इंजिनही फिरवू नका. विजेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती कॉइलचंच इन्सुलेशन फोडते, नाहीतर तुमच्यातून वाट काढते. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी तर बोनेटपासून दूरच उभं राहावं. ठिणगी बघायचीच असेल तर स्पार्क टेस्टर मिळतो, त्याचा चिमटा इंजिनाच्या धातूला लावायचा आणि लांबून बघायचं, आणि तेही मेस्त्रीला करू द्यावं. आणि त्या टेस्टरची फट प्लगच्या फटीपेक्षा मोठी का असते, माहितीये? मला कळलं तेव्हा मी परत काकांची बेल दाबली! उघड्या हवेत ठिणगी सहज पडते, पण सिलिंडरमध्ये हवा दाबून तिच्या मूळ जागेच्या सुमारे दहाव्या हिश्शात कोंबलेली असते, आणि दाट हवेतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणजे बाहेर लख्ख ठिणगी दाखवणारी कॉइल आत जाऊन नापास होऊ शकते! म्हणूनच चढावाला उचक्या! पाय दाबला की आत हवा जास्त, दाब जास्त आणि अर्धमेली कॉइल तिथेच मान टाकते!

आता निकाल. मी एकच कॉइल विकत घेतली, बाकीच्या तिघींशी जुळणारी, त्याच पार्ट नंबरची. प्लग मात्र चारही नवे टाकले, आणि इथे गॅरेजमधला तो मुलगा बरोबर होता. प्लग झिजला की फट वाढते, फट वाढली की कॉइलला दर ठिणगीला जास्त व्होल्ट काढावे लागतात, आणि जुन्या प्लगवर बसवलेली नवी कॉइलही मग लवकर दमते. कॉइलच्या बाबतीत मात्र तो चूक होता. गाडी फार चाललेली असेल आणि एकीपाठोपाठ एक कॉइल जायला लागली असेल तर चारही बदला, त्यात काही गैर नाही. पण न तपासता चारही बदलणं म्हणजे तीन चांगल्या कॉइल भंगारात.

तेव्हा तुम्हाला कुणी "चारही टाकू" म्हणालं, तर पाकीट काढायच्या आधी दोनच प्रश्न विचारा: कोड कुठला आला? आणि कॉइलची जागा बदलून पाहिली का? उत्तर नाही आलं तर गाडी घरी आणा, इंजिन गार होऊ द्या आणि दहाचा पाना काढा. कोड सरकला की मला नक्की कळवा, रात्री उशिरा असला तरी चालेल, मी जागीच असते!